बाळंतिणीचा डिंक

तूप कढलं तशी बायको म्हणाली, "आधी एक खडा टाकून बघू का?"

मी चुलीपाशी ऐसपैस मांडी घालून बसलो होतो. म्हणालो, "बघायचं काय त्यात? मी स्वतः निवडून आणलाय. टाक सगळा."

तिनं सगळा टाकला.

धावड्याचा डिंक कढत्या तुपात पडला की तडतडतो आणि लाहीसारखा फुलतो. हा फुलला नाही. आधी नरम पडला, मग तुपात पसरला, मग कढईच्या बुडाला चिकटून काळा व्हायला लागला. त्यातून निळसर धूर उठला आणि घरभर असा वास सुटला, की येणाऱ्यानं पायताण बाहेर काढून हात जोडूनच आत यावं.

शेजारची वहिनी खरोखरच दारात आली. "आज गुरवार हाय व्हय? ऊद कशापाई घातला?"

"ऊद न्हाई," बायको कढई उतरवत म्हणाली. "लेकीला लाडू करतीया. ह्येंनी डोंगरातनं डिंक आणलाय."

वहिनीनं कढईत वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "मंग हे लाडू लेकीला द्यायचं का पीराला चढवायचं?"

आतल्या खोलीत बाजेवर निजलेली लेक हे ऐकून खुदकन हसली. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा हसली. पण हसू पुरतं फुटायच्या आत "आई गं" म्हणून तिनं कंबर धरली.

मी आणलेला डिंक सालईचा होता. सालईचा डिंक म्हणजे धूप. देवापुढं जाळायचा, दर्ग्यात जाळायचा. तुपात तळून बाळंतिणीला खाऊ घालायचा विचार माझ्याआधी कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

आता माझी बाजूही सांगतो, फार मोठी नाही. फाल्गुन सरता सरता सालई आणि धावडा दोन्ही झाडं उघडी पडलेली असतात. पान एक नाही, दोघांचीही खोडं फिकट, आणि उन्हात दोन्ही सारखीच पांढरी दिसतात. जवळ जाऊन बघितलं तर सालईची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाली हिरवट दिसते. धावड्याची गुळगुळीत, राखेच्या रंगाची, मधेमधे खपल्या पडून खळगे झालेली. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण मी जवळ जाऊन बघितलंच कुठं? घाम डोळ्यात उतरत होता, खोडावर डिंकाचे थेंब चकाकत होते, आणि ते दिसल्याबरोबर मी घरी जाऊन काय ऐट करायची ते ठरवायला लागलो. नुसता हुंगून बघितला असता तरी कळलं असतं. सालईचा वास झोपलेल्या माणसालाही उठवील. पण माझं नाक तपकिरीनं कधीच कामातून गेलं होतं.

बाजारचा डिंक आणा, असं बायकोचं मुळात म्हणणं होतं. पण नेकनूरच्या बाजाराचा दिवस अजून लांब होता आणि वाणी धावड्यात बाभळीचा डिंक मिसळतो हे सगळ्या मुलखाला माहीत. शिवाय मी म्हणालो होतो, "डोंगराच्या पायथ्याला राहायचं आणि डिंक विकत आणायचा?" हे वाक्य मला पुढं बरेच दिवस घरात ऐकून घ्यावं लागलं.

लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. फार अडली. सुईणीनं शर्थ केली म्हणून दोघी वाचल्या, लेक आणि नात. नात ठणठणीत होती, रडायला लागली की गोठ्यातली जनावरं कान टवकारायची. पण लेकीला उठून बसता येईना. कंबर अशी धरली होती की कूस बदलायलाही आईचा हात लागायचा. अंगावर दूधही येईना, पोरीला शेळीच्या दुधात बोळा बुडवून पाजत होतो. सुईण जाताना बायकोला बाजूला घेऊन म्हणाली, "डिंक आन् तूप पोटात गेलं पायजे बाई. आता उभी न्हाई झाली तर ही कंबर जलमभर सोडायची न्हाई तिला."

म्हैस आटलेली. घरात बेताचं तूप होतं, त्यातलं निम्मं मी ऊद करून टाकलं होतं. आता एकदाच लाडू होतील एवढं उरलं होतं. म्हणजे आता चुकायची सोय नव्हती.

बायकोनं कढई राखेनं घासायला घेतली आणि दुसरा हात माझ्यापुढं पसरला. "तपकिरीची डबी द्या."

"कावून?"

"नाक मोकळं होऊ द्या. मंग डोंगरात जावा."

डबी दिली. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. शिंका, डोळ्याला पाणी, डोकं जड. सुतकातल्या माणसासारखा ओट्यावर बसून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर गोठ्याचा वास आला. कितीतरी वर्षांनी आला. मागोमाग लेकीच्या बाजेखाली शेकायला ठेवलेल्या शेगडीतला ओव्याचा आणि बाळंतशेपांचा वास आला. नातीच्या टाळूला तेल घातलं होतं, तिच्याजवळ वाकलो तर तिचा वास आला. आठ दिवस घरात असलेल्या पोरीचा वास आजोबाला आज कळत होता. मी बायकोला काही बोललो नाही, नाहीतर डबी कायमची गेली असती. भाकरी बांधून घेतली आणि निघालो.

डोंगर मी जन्मापासून पाहतो आहे, पण त्या दिवशी मी तो नाकानं पाहिला.

गावामागचा माळ कुसळ्या गवताचा. उन्हानं ते गवत वाळून सोनेरी झालेलं, धोतराला कुसळं टोचत होती, आणि त्याला भाजक्या धान्यासारखा वास येत होता. मधेच हिवराची आणि बोराटीची झुडपं, त्यांच्या बुंध्याशी तितरांनी माती उकरून अंघोळी केलेल्या. माळ संपला की काळ्या दगडाच्या पायऱ्या सुरू होतात. कुणी घडवल्या नाहीत, डोंगरच तसा थराथरानं बसला आहे. दोन थरांमधे जिथं माती साचते तिथं झाड उभं राहतं, आणि जिथं झाड उभं राहतं तिथं अजून माती साचते. अशा एकेका पट्ट्यानं आमचा डोंगर हिरवा झालेला. लांबून बघणाऱ्याला उन्हाळ्यात तो मेल्यासारखा वाटतो. पानं गाळून झाडं पाणी राखतात एवढंच. त्याच दिवसांत डोंगर सगळ्यात जास्त देतो, हे आम्हां पायथ्याच्या लोकांना ठाऊक. पळसाची पानं पत्रावळींना, चारोळ्या, टेंभरं, बिब्बे, आणि डिंक. लेक निजली होती त्या बाजेची लाकडंही याच डोंगरातली आणि माझ्या गाडीचा कणा धावड्याचा.

पहिल्या खिंडीत करवंदीच्या जाळ्या फुलल्या होत्या. जाईसारखा वास. मी तिथं उगाचच थांबलो. वर गेलो तर खडकाच्या कपारीतून एकदम उग्र भपका आला, अंगावर काटा उभा राहिला. तरसाची जागा असावी. मागच्या खेपेला मी तिथंच बसून पाणी प्यायलो होतो! नाक नसलं की माणूस किती शूर असतो.

पुढं ओढ्याच्या कोरड्या पात्रात उंबराखाली ओल होती. खड्डा उकरला तर ओंजळभर पाणी साचलं. पावसाळ्यात गवताच्या मुळांनी धरून ठेवलेलं पाणी डोंगर असं थेंबाथेंबानं खाली सोडतो, म्हणून चैत्रात आमच्या विहिरीला तळ दिसत नाही. उंबरावर वानरांचं टोळकं बसलेलं. वानर निम्मं खातं आणि निम्मं टाकतं. त्या टाकलेल्या उंबरांवर खाली लांडोरी चरत होत्या, आणि त्यांच्या उरल्यासुरल्यावर मुंग्या. मीही एक उचलून खाल्लं. किडकं होतं. लांडोरींनी चांगली आधीच उचलली होती.

धावडे लागले ते ओढ्याच्या पलीकडं, लगतच्या दरीच्या काठावर. मी पहिल्याच झाडाला नाक लावलं. वास नाही. साल चोळून बघितली, पापुद्रा निघत नाही. खोडाला जिथं किड्यानं भोक पाडलं होतं तिथं डिंकाचे खडे, फिकट पिवळे, काचेसारखे. एक कण जिभेवर ठेवला. काही चव नाही, हळूच विरघळला. हाच. मी हात घातला आणि तसाच मागं घेतला, कारण झाडाच्या बेचक्यात धोंडा ठेवलेला होता.

आमच्याकडं असं आहे. जंगल सरकारचं, हे बीडच्या कचेरीत खरं. डोंगरात धोंडा खरा. डिंकाच्या दिवसांत ज्यानं ज्या झाडाच्या बेचक्यात धोंडा ठेवला, त्या झाडाचा डिंक पावसाळा लागेपर्यंत त्याचा. कुऱ्हाडीनं घाव घालायचा नाही, झाड आपणहून देईल तेवढंच घ्यायचं. दुसऱ्याच्या झाडाला हात लावला तर चोरी. मी पुढच्या झाडाकडं गेलो, तिथंही धोंडा. त्याच्या पुढं, धोंडा. सगळ्या काठावर एकही धावडा मोकळा नव्हता. मागल्या खेपेला मला ती सालई इतक्या लगबगीनं का आवडली, तेही आता समजलं. तिच्यावर धोंडा नव्हता. सालईवर कोण ठेवील?

मी झाडाखाली बसलो. इथून रिकामा गेलो तर लेक तशीच बाजेवर. घेतला तर कुणी बघणारं नव्हतं, एक ते वानरांचं टोळकं सोडलं तर. आणि मग मला आमच्या आज्याच्या वेळेपासूनची रीत आठवली. बाळंतिणीसाठी कुणाच्याही झाडाचा ओंजळभर डिंक घेता येतो. पण मुकाट्यानं नाही. दरीकडं तोंड करून मोठ्यानं पुकारा करायचा, कोण बाळंत झाली, काय झालं, ते सांगायचं, आणि आपला एक धोंडा मूळ धोंड्याशेजारी ठेवायचा. पुकारा केला तर हक्क, नाही केला तर चोरी.

रीत सोपी आहे. पण भर दुपारी, एकट्यानं, रिकाम्या दरीपुढं उभं राहून ओरडून बघा! मी आधी खाकरलो. मग म्हणालो, "लेक बाळंत झाली. डिंक घेतो." हे इतक्या हळू, की शेजारच्या फांदीवरचा होलाही घुमायचा थांबला नाही. बाजेवरची लेक डोळ्यापुढं आली. छाती भरून घेतली आणि ओरडलो,

"लेक बाळंत झालीया रंऽऽ! बाळंतिणीला डिंक घेतोयाऽऽ!"

समोरच्या कड्यानं ते सगळं मला परत ऐकवलं. मी समाधानानं वाकलो, तोच पलीकडून आवाज आला, बाईचा, म्हाताऱ्या पण खणखणीत गळ्याचा.

"काय झालं रंऽऽ?"

मी दचकून बघितलं. दरीपलीकडच्या उतारावर लाल लुगड्याचा ठिपका हलत होता.

"बाळंत झालीयाऽऽ!"

"त्ये ऐकलं! पोरगा का पोरगी?"

"पोरगी!"

"आं?"

"पोरगीऽऽ! पोरगी झालीऽऽ!"

कडा म्हणाला, झाली, झाली.

"आवाज बसला व्हय रं तुजा? चांगलं मोठ्यानं सांग की! दूध हाय का अंगावर?"

आता बाळंतिणीच्या दुधाची चौकशी आमच्यात बायका कुजबुजून करतात, पुरुष तर करतच नाहीत. मी इकडंतिकडं बघितलं. "न्हाईऽऽ!"

"काय न्हाई?"

"दूध न्हाईऽऽ!"

त्यावर वरच्या सोंडेवरून तिसरा आवाज आला. "कोन बोंबलतंय बे? दूध पायजे का दूध? मेंढीचं हायऽऽ!" मेंढ्या चारणारा कुणी गडी होता.

"तू गप रं!" म्हातारीनं त्याला दटावलं. "बाळंतिणीचं चाललंया!"

"मंग तिला मेथ्या द्या म्हनावंऽऽ! माज्या बायकुला दिल्त्या!"

"कंबर धरलीया का तिची?" म्हातारी.

"धरलीयाऽऽ! उठता येईनाऽऽ!"

"मंग डिंकच पायजे! मेथ्यानं काय हुतंय?"

"हुतंय की!" वरून गडी.

माझ्या लेकीच्या कमरेवरून आणि दुधावरून असा सगळा डोंगर दणाणत होता. वानरं उंबर खायचं सोडून ऐकत होती. मग म्हातारी मधेच थांबली.

"आरं, परवा दिशी सालईला लोंबकाळत हुतास त्यो तूच का?"

मी धावड्याच्या बुंध्याआड सरकलो.

"तूच त्यो! आरं मी हितनं वरडतीया, सालई हाय ती, सालई हायऽऽ! आन् तू आपला हात हलवून राम राम करतुयास!"

हे अगदी खरं होतं. परवा पलीकडून कुणीतरी काही हाक मारत होतं, आणि डोंगरात एवढ्या आपुलकीनं कोण बोलावतंय म्हणून मी पटका काढून हलवला होता.

"काय केलंस त्याचं?"

"लाडूऽऽ!"

दरीपलीकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं. वरचा गडी "काय म्हनला, काय म्हनला?" करत होता, त्याला तिनं सगळं पुन्हा ओरडून सांगितलं. मग तोही हसला. हसता हसता म्हातारीनं विचारलं, "तुजी ओंजळ केवढी हाय रं?"

"मोठी हायऽऽ!"

"मंग नशीब हाय तुज्या लेकीचं! त्यो धोंडा माजाच हाय. भरून घे. उन्हाच्या अंगाचा घे, त्यो कोरडा हाय!"

मी उन्हाच्या बाजूचा डिंक काढला. खडा खडा हुंगून घेतला. ओंजळ भरली तशी पटक्याच्या पदरात बांधली. ओढ्यातला एक गुळगुळीत काळा दगड आणून तिच्या धोंड्याशेजारी ठेवला आणि दरीकडं बघून हात जोडले. मग ओरडलो, "मावशेऽऽ! लई मेहरबानी!"

"जा आता! तूप तापलं की एकच खडा टाकून बघऽऽ!"

त्या बाईला मी आजतागायत जवळून पाहिलेलं नाही. तिचं गाव कुठलं, तांडा कुठला, माहीत नाही. डिंक विकूनच तिचा उन्हाळा निघत असणार, आणि तिच्या झाडांपैकी भरलेलं झाड तिनं माझ्या हवाली केलं. दर वर्षी त्या दिवसांत वर गेलो की दरीपलीकडं लाल ठिपका दिसतो का, ते बघतो. कधी दिसतो, कधी नाही. दिसला की पटका हलवतो. आता निदान का हलवतो ते तिला ठाऊक असतं.

उतरताना मी सावकाश उतरलो. पदरात लेकीचं उठणं-बसणं बांधलेलं, घाई कशी करणार! करवंदीच्या फुलांपाशी पुन्हा थांबलो. या एवढ्या दगडांवर, एवढ्या उन्हात, एक झाड आपल्या जखमेवर लावायला रस काढतं आणि त्यातलं ओंजळभर आपल्या घरी येतं, याचं मला त्या वेळी फार नवल वाटलं. कुणाचे उपकार मानायचे, झाडाचे, भोक पाडणाऱ्या किड्याचे, का म्हातारीचे, ते काही ठरवता येईना, म्हणून सगळ्यांचे मानले. तरसाच्या कपारीपुढून मात्र उपकार न मानता झपाट्यानं निघालो.

मी सावकाश आलो, पण वरचा गडी मेंढ्या पाण्यावर घेऊन माझ्या आधी गावात उतरला होता. वेशीपासूनच लोक विचारायला लागले, "काय म्हनतंय दूध?" घरी आलो तर बायकोला सगळं ठाऊक होतं, मेथ्यांसकट. तूप ठेवलं, तापलं, आणि तिनं एकच खडा टाकला. मी कढईवर वाकलो. खडा बुडाला, वर आला, आणि टचकन पांढराशुभ्र फुलला. शेजारची वहिनी दारातच उभी होती. तिनं नाक वर करून हुंगलं आणि काही न बोलता घरी गेली. माझ्या लेखी ती शाबासकी होती.

खोबरं, खसखस, गूळ घालून लाडू वळले. लेक रोज सकाळी एक खायची. लगेच काही झालं नाही, अशा गोष्टी लगेच होत नाहीत. आधी ती आईचा हात न लागता कुशीवर वळली. मग एका सकाळी पोर रडता रडता एकदम थांबली, आणि आतून गटागटा पिण्याचा आवाज आला. मी ओट्यावर होतो, बायको चुलीपाशी. दोघांनीही तो ऐकला आणि दोघांनीही न ऐकल्यासारखं केलं, नजर लागू नये म्हणून. शेळीच्या दुधाचा बोळा त्या दिवसापासून वाळत पडला.

पाडवा होऊन गेला आणि लेक भिंतीला धरून, पण आपल्या पायांनी, बाहेर ओट्यावर कोवळ्या उन्हात येऊन बसली. मांडीवर पोर. तिला बघायला दोन पाहुणे आले होते, त्यांना मी पुकाऱ्याची हकीकत सांगत होतो. कितव्यांदा ते विचारू नका. म्हातारीचा आवाज काढला, गड्याचा काढला, कड्याचासुद्धा काढला. "पोरगी झालीऽऽ" म्हणून मी असा काही ओरडलो की मांडीवरची नात दचकली आणि लेक पोट धरून हसली. कंबर धरून नव्हे.

पाहुणे गेले. बायको सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. पाखडायची थांबली, पोरीकडं बघितलं, मग लेकीकडं, मग माझ्याकडं. म्हणाली,

"आपली लेक झाली तवा बी डोंगर हितंच हुता की. तवा कावून वरडला न्हाईत?"